दुर्बिणीतले काळे ठिपके

मित्रांनो, मी माणसांच्या पोटात उतरणारी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चंद्र येत असेल, नाहीतर लांबवरची जहाजे. ते भाग्य माझ्या बहिणींचे. माझ्या वाट्याला आल्या पडजिभा, आंबट पाणी आणि न पचलेला खारवलेला मुळा. जी माणसे तोंड वासून माझ्यासमोर आडवी होत, ती मनातल्या मनात मला शिव्या देत. मीही कुणावर फार माया केली नाही. तरी माझी कहाणी ऐका. ती ऐकून तुम्हांला रडू आले नाही तरी चालेल, थोडा राग यावा एवढीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म जपानमध्ये, डोंगरांच्या मध्ये असलेल्या एका तळ्याकाठच्या कारखान्यात झाला. त्या भागात पूर्वी घरोघर रेशीम काढत. रेशमाचे दिवस सरले. ज्या बायका कोषातून धागा ओढत होत्या, त्यांच्या मुली आता तापलेल्या काचेतून धागा ओढू लागल्या.

काच वाकत नाही असे तुम्हांला शाळेत सांगितले असेल. जाड काच वाकत नाही, हे खरे. पण तीच काच तापवून केसाहून बारीक ओढली की बोटाभोवती गुंडाळता येते. अशा हजारो धाग्यांची एक जुडी, तिच्यावर रबरी कातडे, एका टोकाला भिंग आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा, म्हणजे मी. शेजारून धाग्यांची आणखी एक जुडी जाते. ती दिव्याचा उजेड खाली पोटात नेते. तो उजेड पोटाच्या भिंतीवर पडतो आणि तिचे चित्र घेऊन माझ्यातून वर येतो.

आता मी वाकडीतिकडी होत घशातून खाली उतरते, मग सरळ रेषेत चालणारा प्रकाश माझ्यातून कसा येतो? माझ्या प्रत्येक धाग्याला दुसऱ्या काचेचे पातळ अस्तर असते. प्रकाश त्या अस्तरावर तिरका आपटतो आणि परत आत वळतो. असा आपटत, वळत तो धाग्याबरोबर पुढे जातो. शेतातल्या पाटाचे पाणी जसे वळणावर पाटाबरोबर वळते, तसेच समजा. पण वळण फार आवळले तर पाणी बांधावरून सांडते. मलाही कुणी फार वाकवले तर प्रकाश अस्तराबाहेर सांडतो आणि चित्र मंद होते. हात सैल केला की चित्र पुन्हा उजळते. मात्र कुणी मला मुडपले, तर धागा तुटतो. तुटलेला धागा जोडता येत नाही. एक धागा म्हणजे चित्रातला एक बारीक ठिपका. धागा तुटला की त्या जागी काळा ठिपका उरतो आणि मग मी कशाकडेही पाहिले तरी तो तिथेच असतो.

कारखान्यात हे धागे दोन्ही टोकांना एकाच क्रमाने लावायचे असत. कोपऱ्यातला धागा दुसऱ्या टोकालाही त्याच कोपऱ्यात हवा, नाहीतर चित्राची खिचडी होते. मला तोकिए नावाच्या मुलीने जुळवले. तिच्या हातून एखादा धागा तुटला की मुकादम ती जुडी सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकायचा आणि तोकिएला तिथेच भिंतीशी उभे करायचा. तिने माझ्याआधी जुळवलेल्या माझ्या किती बहिणी अशा कचऱ्यात गेल्या, मला ठाऊक नाही. मी पूर्ण झाले तेव्हा तिने मला डोळा लावला, खिडकीकडे धरले आणि म्हणाली, "एकही काळा नाही. सुटलीस बाई."

मला उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावी पाठवण्यात आले. तिथे अर्धे वर्ष बर्फ असतो. लोक वर्षभर खारवलेले मासे, खारवलेला मुळा, खारवलेले सगळेच खातात आणि मग पोट धरून बसतात. तिथल्या एकुलत्या एक दवाखान्याचे मालक डॉक्टर आकाबोरी. गावात त्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणत. ते गुरुजींनाही म्हणतात आणि डॉक्टरांनाही. जो माणूस बोलत असताना आपण गप्प बसायचे, तो सेन्सेई.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. सेन्सेईंनी माझ्यासाठी काचेच्या दाराचे उंच कपाट करून घेतले. माझ्यासारखीला नेहमी सरळ लटकवून ठेवायचे असते, असे कारखान्याने बजावले होते. नगराध्यक्ष मला पाहायला आले. शाळेतली मुले रांगेने येऊन गेली. सेन्सेई मला हातात घेऊन सांगत, "ही खोटं बोलत नाही. जे आहे तेच दाखवते." दवाखान्यातल्या ओबाराबाई मला रोज कोमट पाण्याने धूत आणि मऊ फडक्याने पुशीत. त्या वयाने सेन्सेईंहून मोठ्या होत्या, पण नर्स होत्या. त्यामुळे त्या त्यांच्यासमोर बहुधा 'हो' एवढेच म्हणत.

त्या गावात पिंपे बनवणारे दोन भाऊ राहत होते, शिनपेई आणि तोकुजी. मुळा आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचा खारा लगदा, मुरवायची मोठी लाकडी पिंपे ते बनवत आणि बांबूच्या कामट्या वाकवून त्यांना कडी घालत. शिनपेई थोरला. त्याची बायको पूर्वीच वारली होती. तो धाकट्याकडेच जेवायचा. धाकट्याची बायको मात्सुए दोघांनाही सारखीच दटावायची.

एका हिवाळ्यात शिनपेई माझ्याकडे आला. मी खाली उतरले. जे दिसले ते मी वर पाठवले. सेन्सेईंनी बराच वेळ पाहिले. मग मला बाहेर काढले, शिनपेईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अल्सर आहे. पोटात साधी जखम झालीय. पांढरी पूड देतो, दूध प्या, दारू बंद. वसंतापर्यंत खडखडीत व्हाल."

शिनपेई कपडे घालत होता तेवढ्यात त्यांनी तोकुजीला मागच्या खोलीत बोलावले. मधली भिंत फळ्यांची होती, मला सगळे ऐकू येई.

"कॅन्सर आहे," सेन्सेई म्हणाले. "पसरलाय. दादांना कळू देऊ नका. कळलं तर आजच मरतील."

 तोकुजीने विचारले, "बाहेर जाऊन काय करू, सेन्सेई?"

"हसा."

आणि तोकुजी हसला. बाहेर येऊन थोरल्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "काय रे दादा! एवढ्याशा जखमेसाठी मला काम टाकून आणलंस? मला वाटलं आता दुकान माझंच झालं!" शिनपेईही हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. ओबाराबाईंनी त्याला पांढऱ्या पुडीच्या पुड्या बांधून दिल्या आणि त्याही हसल्या.

मित्रांनो, त्या गावात याला कुणी खोटे म्हणत नसे. तशी रीतच होती. रोग माणसाचा, पण त्याची बातमी घरच्यांची. सगळे त्याला माया म्हणत. शिनपेई शेवटपर्यंत ती पूड वेळेवर घेत राहिला. काडीसारखा झाला तरी विचारायचा, "वसंत कधी?" तोकुजी रोज त्याच्या उशाशी बसून विनोद करायचा आणि मग पडवीत जाऊन बर्फात तोंड खुपसायचा, असे ओबाराबाई झाडूवाल्या बाईला सांगत होत्या. शिनपेई सेन्सेईंचे आभार मानत गेला.

अशा अंत्यविधींना सेन्सेईंना वरचेवर जावे लागे. त्यासाठी त्यांनी चांगला काळा कोट शिवून घेतला. तो चुरगळू नये म्हणून उंच कपाट हवे होते. दवाखान्यात उंच कपाट एकच होते. म्हणून माझ्या कपाटात कोट लटकला आणि मी गुंडाळून मेजाच्या खणात गेले. खण लहान होता. तो बंद होईना, तेव्हा सेन्सेईंनी गुडघ्याने ढकलला.

त्या एका ढकलण्यात माझे कितीतरी धागे तुटले. पुढे खण रोज उघडत आणि बंद होत राहिला. ओबाराबाईंनी एकदा धीर करून म्हटले, "सेन्सेई, हिला लटकवायला हवं." सेन्सेई म्हणाले, "आणि कोट काय तुमच्या डोक्यावर लटकवू?" माझ्या चित्रात काळे ठिपके वाढत गेले. एके ठिकाणी तर त्यांचा घोळकाच झाला. कारखान्याकडे दुरुस्तीला पाठवायचे तर दवाखान्याची दुर्बीण बिघडली ही गोष्ट गावभर होणार. सेन्सेईंनी मला पाठवले नाही. हळूहळू त्यांना ते ठिपके दिसेनासेच झाले. चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा जसा सवयीने दिसेनासा होतो, तसे.

पुढच्या वर्षी पाने गळायच्या सुमारास तोकुजी स्वतः पोट धरून आला. मात्सुए बरोबर होती. प्लॅस्टिकच्या पिंपांनी त्याचे दुकान निम्मे रिकामे केले होते, पण जीभ तशीच होती. घसा बधिर करायचे औषध तोंडात धरायच्या आधी तो म्हणाला, "सेन्सेई, एक अट आहे. माझं पोट मला दाखवायचं. दादाला दाखवलं असतंत तर त्यालाही कळलं असतं."

सेन्सेईंचा चेहरा क्षणभर आवळला. मग ते हसले. माझ्याबरोबर शिकवण्यासाठी म्हणून एक जोडनळी आली होती. ती माझ्या डोळ्याला लावली की दोन माणसे एकाच वेळी पाहू शकत. ती कधी वापरलीच नव्हती. "दाखवतो की," ते म्हणाले. "स्वतःचं पोट बघणारे गावात पहिले तुम्हीच. ओबाराबाई, जोडनळी काढा."

तोकुजी डाव्या कुशीवर आडवा झाला. दातांत नळीसाठीचे कडे धरले. मी त्याच्या घशातून उतरले, वळले, पोटात शिरले. उजेड पडला. ओलसर गुलाबी भिंत दिसली आणि तिच्यावर एक पांढरट खळगा, लाल काठाचा, स्वच्छ. मित्रांनो, मी आयुष्यात शेकडो पोटे पाहिली आहेत. तो कॅन्सर नव्हता. तो अल्सर होता, अगदी साधा, पूड आणि दूध घेतले तर बरा होणारा. मी तो जसाच्या तसा वर पाठवला. पण माझ्याजवळ जे धागे उरले होते त्यांतूनच पाठवला. त्या गुलाबी भिंतीवर काळे ठिपके उमटले आणि ठिपक्यांचा घोळका नेमका त्या खळग्याच्या काठावर बसला.

ओबाराबाईंनी जोडनळीचे टोक तोकुजीच्या डोळ्याला लावले. तो आधी शांत पडून होता. मग त्याचे सबंध अंग ताठ झाले. तोंडात मी होते, त्याला बोलता येईना. तो घशातून घूं घूं करू लागला आणि बोटाने हवेत ठिपके काढू लागला.

"काय? काय दाखवताय?" सेन्सेई म्हणाले. "काळं? छे, काळं काही नाही. हलू नका."

मला बाहेर काढल्यावर तोकुजीने ओठ पुसले नाहीत. लाळ तशीच हनुवटीवरून गळत होती.

"काळं होतं," तो म्हणाला. "मिरपूड सांडल्यासारखं. आणि जखमेपाशी तर गठ्ठाच."

"अहो, मी रोज बघतो ना? काळं काही नाही."

"सेन्सेई," ओबाराबाई हळूच म्हणाल्या, "ते धागे..."

"हां, ते होय!" सेन्सेईंना आठवले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते या नळीतले. हिचे थोडे धागे तुटलेत. तुमच्या कामट्या वाकवताना तुटतात ना, तसेच. तुमच्या पोटाशी त्याचा काही संबंध नाही."

"आधी नाही म्हणालात."

"लक्षात नव्हतं."

"असं," तोकुजी म्हणाला.

"अल्सर आहे. पोटात साधी जखम झालीय. पांढरी पूड देतो, दूध प्या, दारू बंद. वसंतापर्यंत खडखडीत व्हाल." सेन्सेई हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या जणांना म्हणाले होते, की ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. खरे सांगायचे असले तरी त्यांच्याजवळ दुसरे वाक्यच नव्हते.

तोकुजीने कमरेत पार वाकून नमस्कार केला. वर उठला तेव्हा तो हसत होता. तो कसा हसतो ते मी पूर्वी त्याच जागी पाहिले होते.

तो गेल्यावर ओबाराबाई म्हणाल्या, "सेन्सेई, मी त्यांना जरा बोलावून..."

"तुम्ही नळी धुवा," सेन्सेई म्हणाले.

दोनच दिवसांनी मात्सुए मागच्या दाराने आली. खरे काय ते विचारायला येणाऱ्या बायका मागच्याच दाराने येत. ती मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसली.

"सेन्सेई, मला सांगा. मी रडणार नाही. त्यांच्यासमोर हसेन. भाऊजींच्या वेळी मीही हसलेच होते की."

"अल्सर आहे, मात्सुए-सान."

"ते त्यांना सांगायचं झालं. मला खरं सांगा."

"अहो, तेच खरं आहे! सांगण्यासारखं दुसरं काही नाहीच!"

 मात्सुए अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे घरच्यांनाही सांगता येऊ नये, इतकं वाईट आहे?"

सेन्सेई मोठ्याने हसले. त्यांना खरोखरच गंमत वाटली होती. मात्सुएने ते हसू ऐकले आणि ती उठून गेली. हसण्याचा अर्थ त्या घरात एकच होता.

पुढचे मला ओबाराबाईंच्या तोंडून कळले. त्या मला धुता धुता झाडूवाल्या बाईला सांगत असत. तोकुजीने पांढऱ्या पुडीच्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. मरणाऱ्या माणसाला पथ्य कसले, असे म्हणून तो सकाळपासून प्यायला बसू लागला. माशांची खारवलेली आतडी त्याला फार आवडत, ती वाडगे भरभरून खाऊ लागला. हत्यारे शेजारच्या गावातल्या पिंपवाल्याला देऊन टाकली आणि उरलेल्या बांबूची मोळी पेटवून त्यावर हात शेकत बसला. मात्सुए दूध घेऊन आली की म्हणायचा, "ठेव ते. आणि हस बघू. मी दादासमोर हसायचो तशी हस. छे, तुला जमत नाही. तुझ्या तोंडावरून तर मी कधीच मेलोय."

ती हसली तर म्हणायचा, "बघ, सगळं माहीत आहे हिला." रडली तर म्हणायचा, "बघ, माहीत आहेच." बिचारीने करायचे तरी काय? शेवटी तिलाही खरेच वाटू लागले, की आपल्याला काहीतरी माहीत आहे.

एकदा ओबाराबाई सेन्सेईंना न विचारता त्याच्या दुकानात गेल्या. मग त्या परत आल्या. मला खणातून काढताना त्यांनी सगळे सांगितले. झाडूवाल्या बाईला सांगितले, मला नव्हे, पण ऐकले मीच जास्त.

"मी म्हटलं, तोकुजी-सान, शपथ घेऊन सांगते, अल्सरच आहे. तर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, ओबाराबाई, दादाच्या पुड्याही तुम्हीच बांधून देत होतात. तेव्हाही तुमचं तोंड असंच गोड होतं."

"मग?" झाडूवाली म्हणाली.

"मग काय? होतंच ना तसं."

त्यांनी सेन्सेईंना विनवले, की तोकुजीला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवा, तिथे चांगली दुर्बीण आहे, ती पाहून त्याची खात्री पटेल. सेन्सेई म्हणाले, "म्हणजे माझी दुर्बीण वाईट आहे, असं मी लिहून देऊ? वेडा आहे तो. पोट दुखलं की येईल आपणहून."

तो आपणहून आला नाही. ऐन बर्फाच्या दिवसांत, एका सकाळी, शेजाऱ्यांनी त्याला घसरगाडीवर घालून ओढत आणले. पोट फळीसारखे कडक झाले होते. जखमेने पोटाला आरपार भोक पाडले होते. शहराचा रस्ता बर्फाखाली गाडला गेला होता आणि पोट उघडून शिवण्याची सोय आमच्याकडे नव्हती. सेन्सेईंनी सुया टोचल्या, सलाईन लावली, टेलिफोनवर ओरडले. तोकुजीचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, तरी त्याने सेन्सेईंची बाही धरून त्यांना जवळ ओढले.

"सेन्सेई," तो म्हणाला, "यंदा वसंत लवकर आला की!"

दुपारच्या आत तो गेला.

मात्सुए बाहेर शेजाऱ्यांपाशी होती. सेन्सेई हात धूत होते. बराच वेळ धूत राहिले. मग ओबाराबाईंना म्हणाले, "अल्सर होता. पूड घेतली असती तर बरा झाला असता."

"हो," ओबाराबाई म्हणाल्या.

"हे मात्सुए-सानना सांगू नका. कॅन्सरच होता असं वाटू दे त्यांना. नाहीतर जन्मभर स्वतःला खातील."

"हो," ओबाराबाई म्हणाल्या. मग सेन्सेईंनी माझ्या कपाटातून काळा कोट काढला.

दिवसकार्य उरकल्यावर मात्सुए पुन्हा आली, या वेळी पुढच्या दाराने. काळा किमोनो, हातात कापडात नीट बांधलेला मिठाईचा डबा. तिने डबा सेन्सेईंसमोर ठेवला, झाकण काढले आणि जमिनीला कपाळ टेकले. आत तांदळाच्या पिठाची गोल, पांढरीशुभ्र मिठाई ओळीने मांडली होती.

"सेन्सेई, आमच्या माणसासाठी तुम्ही शेवटपर्यंत खोटं सांभाळलंत," ती म्हणाली. "ते तुम्हांला टोचून बोलले, पण तुम्ही एकदाही तोंडातून खरं काढलं नाहीत. भाऊजींच्या वेळीही नाही, ह्यांच्या वेळीही नाही. हे उपकार मी विसरणार नाही."

ओबाराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. सेन्सेईंनी तोंड उघडले. आता बोलतील, असे मला वाटले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "माझं कर्तव्यच होतं ते." आणि त्यांनीही मान लववली.

मात्सुएने डोळे टिपले. मग इकडेतिकडे पाहत म्हणाली, "सेन्सेई, एक मागू? ती नळी मला एकदा बघू द्याल? ह्यांनी आत जे बघितलं, त्याचं ते शेवटपर्यंत बोलत होते. ती कशी असते, तेवढं बघायचंय."

तिच्या आभारांनी सेन्सेईंचे मन मोकळे झाले होते. "बघा की!" ते म्हणाले. त्यांनी खण ओढला, मला काढले, दिवा लावला आणि डोळ्याची बाजू मोठ्या अदबीने तिच्या हातात दिली. माझे दुसरे टोक कशाकडे तरी वळवायचे, म्हणून त्यांनी ते समोरच्या डब्यावर धरले. "आता लावा डोळा. कशी स्वच्छ दिसतेय मिठाई?"

मात्सुएने डोळा लावला.

 तिने डोळा काढला, नुसत्या डोळ्यांनी मिठाई पाहिली. पुन्हा डोळा लावला. मग तिने माझे टोक सेन्सेईंच्या हातातून काढून घेतले आणि भिंतीकडे वळवून पाहिले, चहाच्या पेल्याकडे वळवून पाहिले, स्वतःच्या तळहातावर धरून पाहिले.

"सेन्सेई," ती म्हणाली, "मिठाईलाही कॅन्सर झालाय."

सेन्सेईंनी दिवा बंद केला.

"म्हणजे अल्सरच होता," मात्सुए म्हणाली. "तुम्ही खरंच सांगत होतात."

तिने मला हळूच मेजावर ठेवले. डब्यावर झाकण घातले, तो कापडात पुन्हा तसाच नीट बांधला आणि उचलून घेऊन ती चालती झाली. दिलेली भेट परत नेणे म्हणजे काय, ते त्या गावात लहान मुलालाही कळते. ओबाराबाईंनी तिच्यासाठी दार उघडून धरले आणि मग चहा मोरीत ओतला.

मित्रांनो, माझ्याविषयी आता सांगण्यासारखे फार उरलेले नाही. नवी दुर्बीण आली आणि मला एका खोक्यात घातले. ते खोके माळ्यावर आहे. माझी कीव करू नका. मी काच आहे. मला नीट ठेवा, सरळ लटकवा, मुडपू नका, एवढे सांगितले की माझ्यापुरते सांगून झाले.

पण तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी गुरुजी, कुणी नुसतेच घरातले मोठे माणूस. तुमच्या हातातली वस्तू बिघडली असेल, तर समोरच्याला आधी ते सांगा. लाज वाटली तरी सांगा. आणि कुणी भ्यालेल्या माणसाने विचारले, की हे काळे कसले आहे, तर "काही नाही" म्हणण्याआधी एकदा स्वतः नव्याने डोळा लावून पाहा. मात्सुएला ते कळायला मला भिंतीकडे एकदा वळवावे लागले. तेवढे तोकुजीसाठी कुणीही करू शकले असते, आणि तो आज पिंपाला कडी घालत बसलेला असता.